केटीत काय सांगितलंत?

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के मनुष्यबळ कमी करणार असल्याचं जाहीर केलं. सहा लाखांहून अधिक माणसांच्या कंपनीत दोन टक्के म्हणजे बारा हजारांच्या घरात लोक, आणि रोख मुख्यतः मधल्या व वरच्या फळीवर. तेव्हापासून पुण्याच्या हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्यांकडून या सदराला येणाऱ्या पत्रांचा सूर बदललाय. पूर्वी विचारणा असायची, नवीन काय शिकू? आता पंधरा-अठरा वर्षं नोकरी केलेली माणसं विचारतात, मला नेमकं येतं तरी काय?

प्रश्न मोलाचा आहे. त्याचं उत्तर मात्र भलत्याच ठिकाणी शोधलं जातं, म्हणून जीव तुटतो. बहुतेकजण शेवटचं अप्रेझल काढून बसतात. पण बेल कर्व्हवर बसवलेलं रेटिंग कौशल्य मोजतच नाही. टीममधले दहाही जण उत्तम असले, तरी कुणाला तरी तळाला टाकावंच लागतं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी दरवर्षी तळाच्या दहा टक्क्यांना वगळण्याची जी रीत रूढ केली, त्याच कुळातली ही पद्धत. कपातीची यादी तर कित्येकदा प्रोजेक्ट कुठला बंद झाला, प्रोजेक्टविना बेंचवर कोण होतं, पगार कुणाचा जास्त, यावर ठरते. पण म्हणून ‘माझ्यात काहीच कमी नव्हतं, सगळं राजकारण’ असं म्हणून मोकळं होणंही खरं नाही. त्याने चार दिवस बरं वाटतं, पण पुढच्या मुलाखतीत काय बोलायचं ते कळत नाही.

माझं सांगणं असं, की निघताना तुम्ही जी केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, आपलं काम पुढच्या माणसाला समजावून दिलंत, ती आठवा. कंपनीची कागदपत्रं घरी आणता येत नाहीत, आणूही नयेत. पण त्या बैठकांत कशाला किती वेळ गेला, हे आपल्या वहीत उतरवायला कुणाची हरकत नाही.

विमा क्षेत्रातल्या एका क्लायंटचं काम सतरा वर्षं पाहिलेल्या एका डिलिव्हरी मॅनेजरने हे अलीकडे माझ्यासमोर बसून केलं. रेझ्युमेत सगळ्यात वर होतं मोठ्या टीमचं नेतृत्व. केटीत ते अर्ध्या तासात उरकलं होतं: स्टेटस कॉल किती वाजता, एक्सेल शीट कुठे, क्लायंटकडे मेल कुणाला टाकायचा. जागेवर आलेल्या मुलीने दुसऱ्याच दिवसापासून ते सांभाळलं. पण महिनाअखेरीला प्रीमियमचा हिशेब आणि बँकेतली जमा जुळत नाही, तेव्हा चूक कुठे आणि कुठल्या क्रमाने शोधायची, हे समजावण्यात चार दिवस गेले. रिलीव्हिंग लेटर मिळाल्यानंतरही फोन आले ते त्याच कामासाठी. रेझ्युमेत त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. ‘‘त्यात काय लिहायचं? ते कुणालाही येतं,’’ तो म्हणाला.

नाही येत. कॉर्नेल विद्यापीठातल्या जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांच्या १९९९ च्या अभ्यासाचा अर्धाच भाग सगळे सांगतात, की ज्यांना कमी येतं ते स्वतःला फार वर समजतात. उरलेला अर्धा असा, की सर्वांत वरच्या चौथाईतले लोक इतरांच्या तुलनेत आपलं स्थान कमी धरत होते. आपल्याला सोपं जातं ते इतरांनाही जात असणार, असा त्यांचा समज. नोकरी गेलेल्या माणसाच्या मनात तर हा समज आणखी घट्ट बसतो.

वहीची दुसरी बाजू कडू असते, पण तीही लिहायला हवी. एस्कलेशनच्या मेलला या मॅनेजरला दहा मिनिटांत उत्तर यायचं, ते हुद्द्यामुळे. हुद्दा गेला, तेही गेलं. ‘‘एसक्यूएलची शेवटची क्वेरी स्वतः कधी लिहिलीस?’’ या प्रश्नावर त्याला वर्षही आठवेना. हे पक्कं उणं. ते भरून काढता येतं, पण आधी उणं म्हणून मांडायला लागतं.

आणि एकट्याने मांडून पुरत नाही. घरचे धीर देणार, जुना बॉस गुळमुळीत बोलणार. विचारावं ते हाताखाली काम करून केव्हाच दुसरीकडे गेलेल्या माणसाला, कारण त्याला आता तुमच्याकडून काही नको असतं. ‘मी कसा होतो’ असं विचारू नये. कुठल्या अडचणीत तू माझ्याकडे यायचास आणि कुठल्या अडचणीत मला वगळून दुसऱ्याकडे जायचास, असं विचारावं. या मॅनेजरला मिळालेलं उत्तर दोन वाक्यांचं होतं: ‘‘हिशेब जुळला नाही की तुमच्याकडेच यायचो, सर. डिझाइनचं काही असलं की नाही.’’

खरं तर हे दुसऱ्याला फोन करून विचारायची वेळ यायला नको. एक्झिट इंटरव्ह्यूत कंपनी स्वतःबद्दल सगळं विचारून घेते आणि निघणाऱ्याला हाती देते ते हुद्दा आणि दोन तारखांचं पत्र. सतरा वर्षं ज्याचं काम पाहिलं, त्याच्या कामाबद्दल, चांगलं आणि उणं दोन्ही, एक पान लिहून द्यायला कंपनीला काही फार खर्च येत नाही. कपात करणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे कर्मचाऱ्यांनी हे पान मागावं, फुल अँड फायनलच्या हिशेबाबरोबरच.