पोकळ कडीची करामत
दादासाहेब फाळक्यांचा जन्म आपल्याच त्र्यंबकेश्वरचा, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ टिपणारा त्यांचा कॅमेरा हाताने फिरवायचा. मग आपण नाशिककरांनी कपाटातल्या जुन्या झेनिट फिल्म कॅमेऱ्याची हेलिओस लेन्स भंगारात का द्यावी? नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर ती झकास चालते. सगळा हिशेब अंतराचा. ही लेन्स फिल्मपासून 45.46 मिलिमीटरवर बसायची. सोनीच्या मिररलेसमध्ये माउंटपासून सेन्सर 18 मिलिमीटरवर. मधले जवळपास साडेसत्तावीस मिलिमीटर धातूची एक पोकळ कडी भरून काढते. आत काचबीच काही नसते. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये मात्र हेच अंतर 46.5, म्हणून तिथे साधी कडी लावली तर लांबची पांडवलेणी धूसरच राहणार. मिररलेसच्या मेनूत लेन्सविना शटर चालण्याची सोय सुरू करा आणि फोकसचं कडं सावकाश फिरवा. अॅपर्चर दोनवर ठेवून रामकुंडावरचा एखादा चेहरा टिपलात, तर मागचे दिवे कडेकडेला बदामाच्या आकाराचे होऊन गरगरतात. सेकंडहँड घेताना मात्र टॉर्च मारून काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना, तेवढं बघा, आणि पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ऑटोफोकस नाही म्हणून कुरकुरू नका. बोटांनाही थोडं काम हवंच की!