संरचनावाद आणि आपली घरची बोली

विद्यार्थिमित्रांनो व पालकहो, संरचनावाद हे नाव कानास जड लागते. परंतु गेल्या शतकात युरोपात वाढलेल्या या विचारपद्धतीचा संबंध आपल्या घरातील एका साध्या प्रश्नाशी आहे. आपल्या खालापूर व कर्जत तालुक्यांतील आगरी, कुणबी, ठाकर व कातकरी घरांत जी बोली चालते, ती अशुद्ध मराठी होय काय? पुष्कळांचे उत्तर ‘होय’ असे असते. ते उत्तर चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का, हे या विचारपद्धतीइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखविले असेल, असे माझे मत आहे.

या मताचा मूळ प्रवर्तक फेर्दिनां द सोस्यूर हा जिनिव्हा येथील अध्यापक होता. तो संस्कृतज्ञ असून त्याचा पदवीप्रबंधही संस्कृतातील षष्ठी विभक्तीच्या एका प्रयोगावर होता. १९१३ साली तो निवर्तला. त्यानंतर त्याच्या व्याख्यानांची टिपणे एकत्र करून १९१६ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य सिद्धांत असा की, शब्दास अर्थ येतो तो एकट्याने नव्हे, तर इतर शब्दांशी असलेल्या नात्यामुळे व भेदामुळे. आपल्या शिळफाट्याचेच पाहा. फाटा म्हणजे एका रस्त्यास दुसरा रस्ता फुटतो ती जागा. त्यातील एक रस्ता नाहीसा झाला, तर जमीन तीच राहील, पण फाटा राहणार नाही. शिवाय ठाण्याकडेही एक शीळफाटा असल्यामुळे परगावी आपणांस ‘खोपोलीचा’ असे म्हणून भेद सांगावा लागतो. बुद्धिबळाचे उदाहरण खुद्द सोस्यूरनेच दिले आहे. प्यादे हरवले तर त्याच्या घरात चिंचोका ठेवूनही डाव चालतो. कारण प्याद्याचे मोल लाकडात नसून खेळाच्या नियमांत आहे.

आता हा सिद्धांत आपल्या भाषेस लावून पाहू. ‘चार आंबे’ आणि ‘गुरास गवत चार’ ही वाक्ये मोठ्याने म्हणा. अक्षर एक, पण उच्चार दोन, व त्याबरोबर अर्थही दोन. तसेच ‘मन’ आणि ‘मण’ यांत केवळ न-णचा भेद. पण एक विचार करते आणि दुसऱ्याने धान्य मोजीत असत. आगरी बोलीत मात्र न-णचा हा भेद नाही. तेथे पाण्यास ‘पानी’, लोण्यास ‘लोनी’ व ‘कोण’ यास ‘कोन’ म्हणतात. हे जिभेचे आळस असते, तर एखादे वेळी ण आला असता, एखादे वेळी गेला असता. पण येथे सर्वत्र एकच रीत दिसते, आणि जेथे रीत आहे तेथे व्याकरण आहे. ही बोली म्हणजे पुस्तकी मराठीची मोडतोड नव्हे. ती निराळी, स्वतःपुरती पूर्ण अशी रचना आहे.

विद्वानांनी हे काम आपल्या जिल्ह्यातही केले आहे. डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीत महाडच्या कुणबी बोलीचे वर्णन १९६६ साली प्रसिद्ध केले. ज्या बोलीस लोक गावंढळ म्हणत, तिचे ध्वनी व प्रत्यय त्यांनी एखाद्या अभिजात भाषेचे मांडावेत तसे मांडून दाखविले. त्यापूर्वी १९५८ साली डॉ. अशोक केळकर यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनी व रूपरचनेवर प्रबंध सादर केला होता.

भाषेतून ही दृष्टी समाजाच्या अभ्यासात गेली. १९४९ साली क्लोद लेव्ही-स्ट्रॉस या फ्रेंच पंडिताने नातेसंबंधांच्या रचनेवर मोठा ग्रंथ लिहिला. १९५३ साली इरावती कर्वे यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरील ग्रंथ निघाला. इंग्रजीत जेथे ‘कझिन’ हा एकच शब्द आहे, तेथे आपण चुलत, मावस, आते व मामे असे चार भेद करतो. हे भेद निष्कारण नाहीत. महाराष्ट्रातील पुष्कळ जातींत मामाच्या मुलीशी विवाह चालतो, चुलत बहिणीशी मुळीच चालत नाही. जुन्या घरांत सून सासूस ‘आत्याबाई’ म्हणे, त्याचा उलगडाही येथेच होतो: मामेबहीण सून होऊन आली, तर सासू तिची खरोखरच आत्या असते. समाजाचा नियम असा शब्दांत जपलेला असतो.

साहित्यातही तेच. व्लादिमिर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ साली दाखविले की, तेथील अद्भुतकथांत पात्रे कितीही बदलली तरी घटनांचे प्रकार एकतीसच, व त्यांचा क्रमही ठरलेला. आपल्या आजीच्या कहाण्या आठवा. आटपाट नगर असते, कोणी नेम मोडतो, दैन्य येते, नेम पुन्हा धरला की भरभराट होते. वार बदलतो, देवता बदलते, पण सांगाडा तोच राहतो. मराठी समीक्षेत ही पद्धती गंगाधर पाटील यांनी विवेचिली आहे.

मानसशास्त्रात जाँ पियाजे यांनी बालकाच्या बुद्धीची रचना शोधली. लहान मूल ‘बाबा गेला’ याऐवजी ‘बाबा जाला’ म्हणते, तेव्हा आपण हसतो. पण ‘जाला’ हे रूप त्यास कोणी शिकविले नव्हते. ‘आला’, ‘झाला’ ऐकून त्याने मनाशी नियम बांधला. चूक दिसते तेथे पुष्कळदा नियमच काम करीत असतो, हे शिक्षकाने विसरू नये.

या मतावर आक्षेपही आले. १९६६ साली बाल्टिमोर येथील परिषदेत जाक देरिदा यांनी रचनेच्या स्थिर केंद्राविषयीच शंका उपस्थित केली. माझा आक्षेप त्याहून साधा आहे. सर्व बोली रचनेने सारख्या, एवढे संरचनावाद सांगतो. पण ‘पानी’ म्हणणाऱ्यास लोक का हसतात, हे तो सांगत नाही. त्याचे कारण व्याकरणात नसून मान, शिक्षण व सत्ता कोणाच्या हाती होती, यात आहे. शुद्ध-अशुद्ध तरी कोठे कायम असते? पूर्वी ‘नाहीं’, ‘कांहीं’ असा अनुस्वार न देणारा विद्यार्थी चुकत असे. १९६२ साली शासनाने नवे लेखननियम स्वीकारल्यावर तो देणारा चुकू लागला.

म्हणून प्रमाण मराठी शिकू नये, असे मात्र कोणी समजू नये. अर्ज, न्यायालय, वृत्तपत्र व परीक्षा यांची भाषा ती आहे. ती उत्तम आलीच पाहिजे. परंतु ती घरच्या बोलीशेजारी शिकावी, तिच्या जागी नव्हे. मुलाने ‘पानी’ लिहिले तर ‘अशुद्ध’ असा शेरा न मारता ‘प्रमाण लेखनात पाणी’ असे सांगावे. जो मुलगा तोंड उघडताच हशा ऐकतो, तो हळूहळू तोंड उघडण्याचेच सोडतो, आणि मग त्यास कोणतीच भाषा येत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, एका वहीत दोन रकाने आखा. एकात घरचा शब्द, दुसऱ्यात पुस्तकातील शब्द लिहा, आणि दोहोंमधील नियम स्वतः शोधून काढा. पालकहो, शाळेच्या धाकाने मुलांशी आपली बोली बोलणे टाकू नका. दोन रचना जाणणारे मूल एकच जाणणाऱ्यापेक्षा कमी नसते. भाषा म्हणजे काय, हे त्यास अधिक लवकर कळते.