नीटच्या मराठी प्रश्नपत्रिकेची प्रश्ननिहाय तपासणी करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. महासंचालक,
नॅशनल टेस्टिंग एजन्सी, नवी दिल्ली.

महोदय,

नीटसाठी मराठी प्रश्नपत्रिका निवडणाऱ्या विद्यार्थ्यांचे आम्ही पालक व शिक्षक हे निवेदन सादर करीत आहोत.

2018 साली, ही परीक्षा सीबीएसई घेत असताना, तमिळ अनुवादात 49 प्रश्न चुकल्याची तक्रार झाली. मद्रास उच्च न्यायालयाने प्रत्येकी 4 प्रमाणे सरसकट 196 गुण देण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कोणत्या प्रश्नाने मुलांना खरोखर किती अडवले, हे बाजूलाच राहिले.

ते मोजता येते. मँटेल व हेन्झेल यांची 1959 मधली, मुळात रोगांच्या अभ्यासासाठीची पद्धत हॉलंड व थेयर यांनी 1988 मध्ये परीक्षांना लावली. एकूण गुण सारखे असलेली मुले एका गटात घ्यायची, समजा 400च्या आसपासची. त्यांत एखादा प्रश्न इंग्रजी पत्रिकेची दहातली सहा मुले सोडवतात आणि मराठीची तीनच, आणि गुणांच्या बहुतेक गटांत हेच दिसते, तर खोट त्या प्रश्नात शोधायला हवी. मराठीची नुसती सरासरी कमी आली म्हणून प्रश्न पक्षपाती ठरवा, असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेत विमा एजंटांच्या परीक्षेवरून झालेल्या खटल्यातील 1984च्या गोल्डन रूल समझोत्याने असाच कच्चा फरक प्रमाण मानला होता.

म्हणून अंतिम उत्तरतालिकेआधी प्रत्येक प्रश्नाची अशी भाषानिहाय तपासणी व्हावी. आकडा संशय दाखवतो, निवाडा देत नाही. तेव्हा संशयित प्रश्न मराठीतून विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी वाचावेत, अनुवाद चुकला असल्यास तो प्रश्न सर्वांसाठीच गाळावा आणि निष्कर्ष जाहीर करावेत.

सगळ्या पत्रिकेचाच अनुवाद ढिला असेल तर मात्र ही पद्धत आंधळी होते, कारण मग एकूण गुणच घसरलेले असतात. आमच्याकडे अकरावी-बारावीचे विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवतात. त्यामुळे अनुवादात कोशातून उचललेला संस्कृत शब्द मराठी मुलालाही परकाच. यासाठी गोपनीयता सांभाळून, छपाईपूर्वी अशाच शिक्षकांकडून पत्रिका वाचून घ्यावी.

शेवटचे, अनुवादात शंका आल्यास इंग्रजी प्रत अंतिम, हा नियम फेरविचारात घ्यावा. ज्याने मराठी पत्रिका मागितली, त्यालाच तो इंग्रजीकडे धाडतो.

यावर लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
पालक व शिक्षक, लातूर