ओळखीचे चेहरे, अनोळखी शब्द

“लिपी एक, निम्मे शब्द तेच, मग मराठी माणसाने हिंदी ती काय शिकायची?” असे आपल्या मंडळींत मोठ्या विश्वासाने म्हटले जाते. हा विश्वासच घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परका दिसणाऱ्या शब्दाशी आपण जपून वागतो. फसवतो तो ओळखीचा चेहरा घेऊन आलेला शब्द. हिंदीने आपला शब्दसंग्रह प्रामुख्याने संस्कृतातून वाढवावा, असे घटनेच्या ३५१ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. त्यामुळे कचेरीच्या हिंदीत असे चेहरे पदोपदी भेटतात. तेथे ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, ‘अवकाश’ म्हणजे रजा आणि ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. उलट आपला ‘राजीनामा’ हिंदीत तडजोडीचा कागद ठरतो!

यावर कोणी म्हणेल, “कोशात अर्थ पाहिला की झाले.” तेवढ्याने होत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या वाक्यात, त्याच्या क्रियापदाच्या सोबतीने नांदतो. हिंदीत ‘शिकस्त’ खातात, तो पराभव होय. मराठीत प्रयत्नांची शिकस्त करतात, ती पराकाष्ठा होय. नुसत्या प्रतिशब्दांच्या यादीतून हा भेद कसा कळावा?

भाषा उसनवारीने वाढते, हे आम्हांस मान्य आहे. ‘राजीनामा’ आणि ‘शिकस्त’ हे दोन्ही फारसीतलेच. परंतु मराठीने त्यांना आपल्या वाक्यात बसवून आपला अर्थ दिला. आज आपण करतो ते याच्या नेमके उलट आहे. ‘दुरुस्ती’ आणि ‘हरकत’ घरात असताना आपण मराठी पत्रांतून ‘नियमांत संशोधन झाले’, ‘आमची आपत्ती नाही’ असे लिहितो, आणि ‘संशोधन’ व ‘आपत्ती’ यांचे मराठी अर्थ घराबाहेर काढतो. परप्रांतात वाढलेल्या नातवाने “ताईची शिक्षा पूर्ण झाली” असे कळवले, तर गावाकडची आजी गुन्हा कोणता हेच विचारील. यात दोष मुलाचा नव्हे. दोन्ही भाषांतली वाक्ये त्याच्यापुढे शेजारी शेजारी कोणी ठेवलीच नाहीत.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: वहीत नव्या शब्दासमोर प्रतिशब्द लिहून थांबू नका. एक हिंदी आणि एक मराठी, अशी दोन पुरी वाक्ये लिहा. ती लिहिता येईपर्यंत तो शब्द आपल्याला येतो, असे म्हणू नका.