चार काड्या लावा, दोन वाटा



सिडकोतील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा सैन्यात आहे. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर येताना त्याने सिक्कीमहून अझालियाची एक कुंडी आणली. पहिल्या वर्षी झाड गुलाबी फुलांनी भरून गेले. यंदा मात्र फुले मोजकीच आली आणि पाने पिवळी पडू लागली. "मुलाच्या हातचे झाड आहे, ते जाईल की काय अशी भीती वाटते. त्याची काडी लावून दुसरे रोप होईल का?" असे त्यांनी विचारले आहे.

होईल. जे झाड आपल्या हवामानात सहज जगत नाही, त्याची तर रोपे करून ठेवलीच पाहिजेत. एकच झाड जपत बसण्यापेक्षा एकाची चार करणे शहाणपणाचे. मात्र आधी पाने का पिवळी पडतात ते समजून घेऊ. नाहीतर नवी रोपेही त्याच वाटेने जातील.

पाने पिवळी का पडतात?

अझालिया हे थंड, डोंगराळ मुलुखातले झाड. हिमालयात ज्याला बुरांस म्हणतात, त्या लाल फुलांच्या झाडाच्या कुळातले. या कुळाला आंबट म्हणजे आम्लधर्मी माती लागते. मातीचा सामू साधारण साडेचार ते सहा असावा लागतो. आपली काळी माती चुनखडीचा अंश असलेली. तिचा सामू अनेक ठिकाणी साडेसातच्या वर असतो. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मग पान पिवळे पडते आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. द्राक्षाच्या नि गुलाबाच्या पानांवरही चुनखडीच्या जमिनीत हेच दिसते.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. वाटीभर कोरडी माती घ्या आणि तिच्यावर चमचाभर व्हिनेगर टाका. माती फसफसली तर तिच्यात चुना आहे. ती माती अझालियाला चालणार नाही. पाण्याचेही तसेच. बोअरच्या ज्या पाण्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतात, ते या झाडाला घालू नये. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारे पाणी पिंपात साठवावे. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी मात्र जाऊ द्यावे.

या भगिनींनी कुंडीत काळी माती भरली असेल तर झाड अलगद काढून कोकोपीट, चांगले कुजलेले पानांचे खत आणि धुतलेली जाड वाळू यांच्या मिश्रणात लावावे. कुंडी पूर्वेकडे ठेवावी. तिला सकाळचे ऊन मिळावे, दुपारचे नको. खतांच्या दुकानात चिलेटेड फेरस मिळते, ते पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात फवारले तर नवी पाने हिरवी येतात. युरिया टाकून हा पिवळेपणा जात नाही.

काडी केव्हा आणि कशी घ्यावी?

फुले संपल्यावर नवी फूट येते. ती कोवळी असताना काडी घेतली तर कुजते आणि फार जून झाल्यावर घेतली तर मुळे उशिरा फुटतात. फूट बुडाशी तपकिरी होऊ लागली आणि शेंड्याला अजून हिरवी असली, की ती योग्य समजावी. आपल्याकडे जून ते ऑगस्ट हा काळ यासाठी उत्तम. हवेत ओलावा असतो, उन्हाचा ताप नसतो. एप्रिल-मेमध्ये हा खटाटोप करू नये.

सकाळी, झाड ताजे असताना, निरोगी फांदीची तीन-चार इंच काडी धारदार ब्लेडने कापावी. ब्लेड आधी उकळत्या पाण्यात बुडवून घ्यावे. काडीची खालच्या अर्ध्या भागातली पाने काढून टाकावीत, शेंड्याला चार-पाच ठेवावीत. कळी असेल तर खुडावी. नाहीतर काडी मुळे सोडून फुलाच्या मागे लागते. बुडाशी एका बाजूची साल अर्धा इंचभर हलकेच खरवडावी. रोपवाटिकेत मुळे फुटण्याची पावडर मिळते, तिच्यात बूड टेकवून जादा पावडर झटकून टाकावी. पावडर नसली तरी काड्या जगतात, फक्त जगण्याचे प्रमाण कमी असते.

कोकोपीट भिजवून दोन-तीनदा धुऊन घ्यावे, त्यातले क्षार निघून जातात. त्यात तितकीच जाड वाळू मिसळावी. वाळूचीही व्हिनेगरने परीक्षा करून घ्यावी. खाली भोके पाडलेल्या डब्यात हे मिश्रण भरावे, पेन्सिलीने भोक पाडून काडी एक-दीड इंच खोचावी आणि बोटांनी दाबावे. मोठ्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती वरून टोपीसारखी ठेवावी. आत दव धरते. काडीला मुळे नसताना पाने सुकू न देणे हाच या कामाचा प्राण आहे. डबा उजेडात ठेवावा, पण थेट उन्हात नको. तीन-चार दिवसांनी बाटलीचे बूच थोडा वेळ काढून हवा खेळू द्यावी.

सहा ते आठ आठवडे धीर धरावा, कधी तीन महिनेही लागतात. रोज उपटून पाहू नये. काडी हलकेच ओढल्यावर अडल्यासारखी वाटली, की मुळे धरली. मग आठवडाभर बाटली रोज थोडी थोडी जास्त वेळ काढून रोपाला मोकळ्या हवेची सवय लावावी आणि त्यानंतर कुंडीत हलवावे.

पहिल्यांदाच करत असाल तर आधी जास्वंद, तगर किंवा मोगरा घ्या. ही झाडे चूक पोटात घालतात. हात बसला की अझालियाकडे वळा.

ही विद्या आपल्या हातातलीच

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या भगिनींना हे वाचून हसू येईल. त्यांच्यासाठी यात नवीन काय? नाशिकची द्राक्षे काडीवरच उभी आहेत. थॉमसन सीडलेसला बीच नाही, तेव्हा बीपासून रोप होण्याचा प्रश्नच नाही. या जातीचा प्रत्येक वेल कुठल्या ना कुठल्या काडीचा वंशज आहे. आता बहुतेक बागांत डॉगरिजचा खुंट आधी लावतात. अमेरिकेतल्या टेक्सासकडचा हा जंगली वेल पाण्याची ओढ आणि खारी जमीन सोसतो. खुंटाची काडी मुळावते, मग तिच्यावर थॉमसनचे पाचर कलम भरतात. बाग मालकाची असली तरी कलम भरण्याचा आणि बांधण्याचा हुन्नर त्या हातांचा असतो. तोच हुन्नर घरच्या ओट्यावर चार डब्यांत वापरला तर फुलझाडांची रोपे तयार होतात. पावसाळ्यात ती विकून शाळेच्या वह्यांचा खर्च निघू शकतो.

काडीच्या कामाला नजरही लागते. थॉमसनच्या वेलावर कधी एखाद्याच फांदीला वेगळे मणी येतात. कुणी ते हेरून तीच काडी लावली, की नवी जात हाती येते. सांगली जिल्ह्यातल्या तासगावची तास-ए-गणेश आणि सोलापूरकडची सोनाका या अशाच निवडीतून आल्या. अझालियातही असे घडते. गुलाबी फुलांच्या झाडावर एखादी फांदी पांढरी किंवा दुरंगी फुलते. तशी दिसली तर तिला दोरा बांधून ठेवावा आणि त्याच फांदीची काडी घ्यावी.

काडी वाटावी का?

काही घरांत काडी मागितली की नाक मुरडतात. आपले फूल दुसऱ्याच्या दारी कशाला, असा विचार असतो. झाडाच्या हिताने पाहिले तर हा विचार तोट्याचा आहे.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या जवळचा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची कन्या थेरी संघमित्रा बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेल्या. ती अनुराधपूरला रुजली. इकडे बोधगयेचा वृक्ष पुढे अनेकदा नष्ट झाला. १८७६ मध्ये तिथला जुना वृक्ष वादळात कोसळला आणि १८८१ मध्ये कनिंगहॅम यांनी त्या जागी रोप लावले. अनुराधपूरचा वृक्ष मात्र आजही उभा आहे. त्याच वृक्षाची फांदी २४ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी, बुद्धस्मारकाच्या आवारात लावली गेली. फांदी दूरच्या भूमीला दिली होती, म्हणून तिचा वंश इतक्या शतकांनी परत आला.

बागेतही हाच नियम धरावा. चार रोपे झाली तर दोन घरी ठेवावीत आणि दोन नात्यात किंवा शेजारी द्यावीत. आपली कुंडी एखाद्या उन्हाळ्यात गेली तर त्यांच्याकडून हक्काने काडी मागता येते.

एक सूचना विसरू नका. अझालियाची पाने आणि फुले विषारी असतात. ती पोटात गेली तर उलट्या होतात, नाडी मंदावते. घरात रांगते मूल किंवा दारात शेळी असेल तर कुंडी उंचावर ठेवावी आणि छाटलेल्या फांद्या जनावरांपुढे टाकू नयेत. रोप ज्याला द्याल त्यालाही हे सांगावे.

प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून काडी लावल्याची तारीख आणि ती कुणाकडून आली त्यांचे नाव लिहून ठेवावे. तारखेमुळे घाई टळते. नाव लिहिलेले असले, की रोप कुणाला परत द्यायचे ते लक्षात राहते.