लक्ष्मीच्या हाती काय?

"आमच्या घरी सारा कारभार बायकांच्याच हाती असतो हो!" हे वाक्य शेतकऱ्यांच्या ओसरीवर मी इतक्यांदा ऐकले आहे, की परवा न राहवून एका वडीलधाऱ्या गृहस्थांना विचारले, "कारभार म्हणजे नेमका कोणता?" ते म्हणाले, "तेलमिठाचा!" ठीक. पण गोठ्यातली गाय कोणाच्या नावावर?

त्या घरी पहाटे धार सुनेने काढली होती. किटली भरून डेअरीवर गेली. बिल मालकांच्या नावे निघते. दोन वर्षांची नात मात्र कोऱ्या चहात भाकरी बुडवून खात होती. "पेलाभर दूध मागे का ठेवीत नाही?" असे मी सुनेला विचारले. ती हलक्या आवाजात म्हणाली, "मामंजींना विचारावं लागतं."

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची शंभरांतली ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. दारिद्र्य, दूषित पाणी, आजारपण ही कारणे मी नाकारीत नाही. पण ज्या घरी दूध आहे तिथले मूल दुधावाचून राहते, त्याला कोणते दारिद्र्य म्हणावे?

"बायकांच्या हाती पैसा गेला की घर बुडते," असे कोणी म्हणेल. दक्षिण आफ्रिकेतील वृद्धवेतनाचा अभ्यास एस्थर डुफ्लो या विदुषीने २००३ साली प्रसिद्ध केला. पेन्शन आजीच्या हाती आले, तेथे नातींचे अंग भरले. आजोबांच्या हाती आले, तेथे तसा फरक दिसला नाही. बुडाले कोणाचे घर?

आपल्याकडे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरवले. पुढे 'लक्ष्मीमुक्ती'च्या नावाने, बायकोच्या नावे जमीन करून द्या, असे नवऱ्यांना बजावले. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील शंभर वहितीदारांत बायका जेमतेम १४!

वसुबारसेला आपण सवत्स धेनू पूजतो. धार काढताना वासरासाठी एक सड राखायची रीत आपल्याला ठाऊक आहे. त्यासाठी गाईला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. घरच्या आईला मात्र लागते. यंदा लक्ष्मीपूजनाला चौरंगावर सातबारा ठेवा, दुधाच्या बिलाचे पुस्तक ठेवा, आणि त्यांवरची नावे मोठ्याने वाचा. लक्ष्मीचे नाव त्यांत नसेल, तर पूजा कोणाची चालली आहे?