सुट्टा सुटला, धाप राहिली

'एकच रे, नंतर सोडतोय!' असं टपरीवर म्हणणारा तुमच्याही ग्रुपमध्ये असेलच. (कॉलेजपासून 100 यार्डांत सिगारेट विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे, पण टपरी जागच्या जागी!) आता बिल्डिंगमधल्या एखाद्या काकांकडे बघा. सिगारेट सोडून कित्येक वर्षं झाली, तरी दुसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा थांबतात, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडतात. सीओपीडीत नष्ट झालेले वायुकोश पुन्हा तयार होत नाहीत. सोडल्यामुळे पुढची झीज मंदावते, एवढंच. आणि ते थोडं नाही. म्हणून 'ओढलीत ना, मग भोगा' असं त्यांना ऐकवू नका. जिन्यात त्यांच्या चालीने चढा. गप्पा वर पोहोचल्यावर मारा.